एका खटक्याचा फरक

“काका, आज उंच जायलाच पाहिजे,” मालक दारात उभे राहून म्हणाले. “नाहीतर एक तारखेपासून ही खोली मोबाइलच्या कव्हरांना, आणि तुम्ही गोदामात.”

मालक वयाने माझ्या निम्मे. मला त्यांच्या वडिलांनी ठेवलं होतं. यांच्याकडे मी वारसाहक्काने आलो, छताच्या पंख्यासकट. दुकानाच्या मागच्या या खोलीत मी एकतीस वर्षं लोकांना स्पीकर ऐकवतो आहे. भिंतींना जाड कापड, एक सोफा, समोर स्पीकरच्या दोन जोड्या आणि सोफ्यामागच्या टेबलाशी मी. गिऱ्हाईक ऐकतं, मी एकदा ही जोडी लावतो, एकदा ती. अख्खा बाजार मला कानमास्तर म्हणतो. पण आजवरची माझी कमाई कानाची नाही, बोटाची आहे.

आता सांगूनच टाकतो. दोन स्पीकर एकामागून एक ऐकवले आणि त्यातला एक केसभर मोठ्याने वाजवला, तर माणसाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. ‘काय स्वच्छ आहे’, ‘बाई जणू समोर बसून गातेय’, असं काहीबाही माणूस बोलू लागतो. केसभर म्हणजे आवाजाच्या गोल बटणाचा एक खटका. जो माल खपवायचा, तो लावताना एक खटका पुढे. दुसरा लावताना एक खटका मागे. कोणाला दिसत नाही की कळत नाही. सुरुवातीला चोराच्या मनात चांदणं असायचं. मग सवय झाली आणि चांदणंही गेलं.

मालक ज्याला उंच म्हणत होते, तो कमरेएवढा नवा स्पीकर. त्यांनी हौसेने गोदाम भरून आणला होता. मोठ्या हॉलमध्ये शोभला असता, पण लहान खोलीत घुमायचा. त्याच्या शेजारी बुटका, फळीवर मावणारा. दणका कमी, पण जे गायलं जाईल तेच ऐकवणारा. मला विचाराल तर बुटका. पण मला विचारतो कोण!

आज मात्र विचारणारा माणूस आला. अकराच्या सुमाराला माझे व्याही आले, आणि त्यांच्याबरोबर माझी लेक.

“सूनबाई रोज सांगते, माझ्या बाबांच्या कानाला तोड नाही,” व्याही सोफ्यावर टेकत म्हणाले. “म्हटलं, जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, टिकटिक ऐकली. आता जरा गाणं ऐकू. तुम्ही म्हणाल ती जोडी.”

“माझं सोडा, तुमच्या कानाला पटेल ती घ्या,” मी म्हणालो. हे वाक्य मी सगळ्यांनाच ऐकवतो. आज ते म्हणताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

लेक टेबलापाशी उभी होती. लहानपणी शाळा सुटली की ती याच खोलीत गणितं सोडवत बसायची. तिने तेव्हा काय काय पाहिलं असेल, ही धास्ती मला कायमची. तिने कधी विषय काढला नाही, मी कधी विचारलं नाही. लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी सासरी तिने बापाचं नाव अगदी छपराला टेकवून ठेवलं होतं. ते तसंच राहावं, याखेरीज मला या वयात दुसरं काही नको होतं. आणि गोदामातही जायचं नव्हतं.

व्याह्यांनी डोळे मिटले. एका बाईचं संथ गाणं मी बुटक्यावर लावलं. अर्धं कडवं झालं. मालक दारातच होते, हाताची घडी घालून. मी गाणं उंचाकडे वळवलं, आणि काही ठरवायच्या आत बोट पुढे सरकून गेलं. एक खटका.

“वा! हा!” व्याही ताठ बसले. “हा उंचच! आधीची बाई तोंडाला फडकं बांधून गात होती.”

“बांधायला घेऊ ना, आजोबा?” मालक लगेच आत आले.

“बाबा, पुन्हा एकदा लावा ना,” लेक म्हणाली.

एरवी ती मला अरे-तुरे करते. सासऱ्यांसमोर म्हणून अहो-जाहो असेल, पण मला ते कोर्टातल्यासारखं लागलं. मी वर पाहिलं. तिची नजर माझ्या हातावर होती.

मी बटणावरचा हात काढून घेतला आणि टेबलाच्या कडेला घट्ट धरून ठेवला. तेच गाणं, तेच कडवं. बुटका. मग उंच. मग पुन्हा बुटका.

व्याह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आता काही कळत नाही हो. उलट बुटकाच बरा वाटतोय. मघाशी तर...” त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. “गेले वाटतं माझे कान.”

“होतं तसं वयाने,” मालक हसले. “पहिल्यांदा वाटलं तेच खरं धरा.”

व्याहीही हसले, पण ओशाळून. घड्याळाच्या नुसत्या आवाजावरून त्यातलं दुखणं सांगणारा हा माणूस. तो आता सुनेसमोर कान चाचपत होता, आणि तेही माझ्या एका बोटापायी. मला फार लाज वाटली.

“कान ठणठणीत आहेत तुमचे,” मी म्हणालो. “मघाशी उंच लावताना मी आवाज एक खटका वाढवला होता. म्हणून तो चांगला वाटला.”

“काका!” मालक ओरडले.

“आजच नाही, नेहमीच करतो,” मी बोलून गेलो आणि लेकीकडे वळलो. “तुला तर ठाऊकच होतं.”

“काय ठाऊक होतं?” ती म्हणाली.

“मग हाताकडे का बघत होतीस?”

“अरे, हात थरथरत होता तुझा. गोळी घेतली नाहीस की काय, म्हणून बघत होते. आणि पुन्हा लाव म्हटलं, कारण मलाही नीट ऐकायचं होतं.” ती थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “नेहमीच म्हणजे? मी इथे बसायचे तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“माझ्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, त्यांनाही?”

मी होकाराची मान हलवली.

मालक निघाले. जाता जाता म्हणाले, “खोलीची किल्ली काऊंटरवर ठेवा. एक तारखेची वाट बघायला नको.”

व्याही काय करतील, याचा मला अंदाज येईना. उठून गेले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घसा खाकरला.

“घड्याळ किती पुढे आहे ते कळलं, की त्याच्यावरही वेळ बघता येते,” ते म्हणाले. “लावा परत. बुटका लावा. खोली लहान आहे आमची.”

ते मागे रेलले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी गाणं सुरुवातीपासून लावलं. सोफ्यावर त्यांच्या शेजारी जागा होती, पण लेक तिथे बसली नाही. ती टेबलापाशी माझ्यासमोर उभी राहिली, आणि गाणं संपेपर्यंत माझ्या बोटांकडे बघत राहिली.