नळीतली भेग

सकाळी दिवा लावल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. नऊ वर्षं झाली. सासूबाई गेल्या त्या सकाळी मी त्यांना दुधावरून एक शब्द जास्त बोलले होते, आणि तो परत घ्यायला मला वेळच मिळाला नाही. तेव्हापासून सकाळ देवाची.

घराखालीच मामंजींचं गॅरेज आहे. जप झाला की मी खाली उतरते, पान्हे पुसते, मागतील ते हातात ठेवते. मामंजींची तपासायची रीत सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय दुखतंय ते हाडातून कळतं, असं ते म्हणत. त्र्याहत्तराव्या वर्षीही ते चुकत नसत. निदान लोक तसं समजत होते.

त्या दिवशी पहिलवान तिसऱ्यांदा आला. काडीसारखा माणूस, म्हणून हे नाव. त्याचा जुना पेट्रोलचा ट्रक, इंजेक्शनवाला, उभा राहिला की थरथरायचा आणि थांबायला ब्रेक दाबला की बंदच पडायचा. प्लग बदलून झाले होते, फिल्टर झाला, थ्रॉटल धुऊन झाला, पंपाचा दाबही मोजला. मागे फरश्या भरलेल्या होत्या आणि अकराच्या आत त्याला उताराच्या रस्त्याने खाली पोचायचं होतं.

"मिस्त्री, आज हिला बरी करा, नाहीतर माझ्यासाठी इथेच गादी घाला," तो म्हणाला.

मामंजींनी पेट्रोल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरना पेचकस लावला. "चारही ठणठणीत. टकटक घड्याळासारखी आहे."

पहिलवान केबिनमध्ये बसून ब्रेकवर पाय देत होता. "आणि मिस्त्री, ब्रेकही कडक लागतो हल्ली. म्हटलं, माझीच ताकद उतरली की काय!"

तो स्वतःच हसला. मामंजी हसले नाहीत. वळलेही नाहीत. ते पेचकसावर झुकलेलेच राहिले.

मी मात्र ऐकत होते. त्याने ब्रेक दाबला की इंजिन अडखळायचं, आणि इंजिनच्या मागच्या अंगाला सूऽऽ असा बारीक आवाज यायचा. दात विचकून श्वास ओढावा तसा. ब्रेकला जोर देणारा गोल डबा असतो, त्यातली हवा इंजिनकडे ओढून घेणारी जाड नळी तिथेच वळते. इतकी वर्षं पान्हे पुसताना तेवढं मला कळायला लागलं होतं.

पेचकस लोखंडाचा आवाज हाडात पोचवतो. हवेचा पोचवत नाही. तो कानानेच ऐकावा लागतो.

"कॉम्प्युटर गेलाय हिचा," मामंजींनी निकाल दिला. "तो मागवावा लागेल. तोवर आयडल वाढवून देतो. बंद पडणार नाही. माल टाकून ये."

त्यांनी उभ्या इंजिनचा वेग वाढवणारा स्क्रू फिरवला. इंजिन चढलं, थरथर दबली. पहिलवानाने हात जोडले. "देव भेटला!"

मी मामंजींची बाही ओढली. आधी कानाला बोट लावलं, मग इंजिनकडे दाखवलं.

"अगं हो, आवाज आहे. इंजिनचाच आहे," ते म्हणाले आणि हात पुसू लागले.

मी नळीकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली. "जागा बरोबर आहे तिची. बाजूला घे हात."

भिंतीवर पावणेअकरा झाले होते. पहिलवानाने गिअर टाकला. फरश्यांचं ते वजन, तो उतार आणि त्याच्या त्या काडीसारख्या पायाखाली कडक होत जाणारा ब्रेक. मी मनात देवाची क्षमा मागितली.

"मामंजी," मी म्हटलं.

ते हात पुसत राहिले.

"मामंजी, ब्रेकची नळी."

ते माझ्यापासून दोन हातांवर होते. ट्रक पुढे सरकला.

मग मी ओरडले. माझा असा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. "मामंजी! हवा जातेय! ब्रेकची नळी फुटलीय!"

पहिलवानाने इंजिन बंद केलं. गॅरेज एकदम शांत झालं.

"ओरडतेस कशाला?" मामंजी म्हणाले. "बहिरा आहे का मी?"

पहिलवान स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत बसला. मामंजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्हा दोघांच्या तोंडावर जे होतं ते त्यांनी वाचलं असावं. ते टायरच्या ढिगावर टेकले.

तिथूनच म्हणाले, "चालू कर रे गाडी. सूनबाई, कुठे ते दाखव."

मी त्यांचा हात धरून नळीच्या वळणाखाली नेला. त्यांचं बोट हवेने आत ओढलं गेलं. वरून काही दिसत नव्हतं, खालच्या अंगाला नखाएवढी भेग. त्यांनी चिंधी गुंडाळून नळी पकडीने चिमटली, आणि अख्खा ट्रक एखादं मूल रडायचं थांबावं तसा निवला.

नवी नळी बसली. वाढवलेला स्क्रू त्यांनी पुन्हा होता तिथे आणला. पहिलवानाने पाच वेळा ब्रेक दाबून पाहिला. इंजिन ढिम्म हललं नाही.

"वहिनी, मौन मोडलंत माझ्यापायी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या घरी सांगेन मी हे." आणि उशीर झालेला असूनही अगदी सावकाश गेला.

"हे माझ्या कानांचं किती दिवसांपासून ठाऊक आहे तुला?" मामंजींनी विचारलं.

"दोन वर्षं," मी मोठ्याने म्हटलं.

"आणि बाराच्या पुढे? तेव्हा तर बोलतेस ना?"

सकाळ मी देवाला दिली होती. दुपार आणि संध्याकाळ मी भित्रेपणाला दिल्या, आणि त्यांनाही मौनच समजत आले. त्या दिवशी मी जेवले नाही. मौन मोडलं म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून खाली उतरले तेव्हा एक गाडी चालू करून ठेवलेली होती. मामंजींनी पेचकस खिळ्याला टांगला होता. ते बॉनेटपासून एक पाऊल मागे सरकले.

"तू बोलू नकोस," ते म्हणाले. "ऐक तेवढं."

मी डोळे मिटून वाकले. बराच वेळ ऐकलं. मग तीन बोटं वर केली.

त्यांनी तिसरा प्लग खोलायला घेतला.