बुजवलेल्या तलावातली ज्वालामाता

रायपूर राजधानी झालं आणि शहराच्या कडेच्या तलावांत मुरुमाचे ट्रक रिकामे होऊ लागले. अशाच एका बुजवलेल्या तलावावरच्या नव्या वस्तीत बोअर मारताना पाणी लागलं नाही. पण मिस्त्रीनं बिडीसाठी काडी ओढली आणि नळीच्या तोंडाशी ज्वाला नाचू लागली. बघता बघता तिथं नारळांचा ढीग, पत्र्याची खोली आणि ज्वालानाथ महाराज हजर झाले.

"बिन तेल, बिन बाती! माता अपने आप आई है!" महाराज गरजत. त्यांनी हात वर केला की ज्वाला उंच होई, खाली केला की नमस्कारासारखी वाके. माणसं रडत, लोळण घेत. साक्षात अग्नी महाराजांच्या आज्ञेत. चहा मात्र शिष्याला स्टोव्हवरच करावा लागे.

तात्यापाऱ्यातून, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतून, मुलाकडे राहायला आलेल्या वनमालाबाईंकडे संध्याकाळच्या दिव्याची सेवा होती. एका दुपारी महाराजांनी ज्वाला पार दिसेनाशी केली, "माता विश्राम करेगी," म्हणत दार लावलं आणि ते एका भक्ताच्या गाडीतून निघून गेले. दिवेलागणीला वनमालाबाईंना टीव्हीवरची मालिका सोडवेना. त्यांनी घरकाम करणाऱ्या कमलाला पिटाळलं, "जा वं, आज तूच लावून ये दिवा."

"हव दीदी," म्हणत कमला गेली. तिनं काडी ओढली आणि खोलीचे पत्रे उडाले.

कमलाचे हात भाजले, गाल भाजला. परत आलेल्या महाराजांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बोट केलं ते वनमालाबाईंकडे. "सेवा में चूक हुई! माता रूठ गई! अस्पताल नहीं, भभूत लगाओ!"

वनमालाबाईंनी आपल्या हातानं राख लावली. दुसऱ्या दिवशी कमला तापानं फणफणली, तेव्हा तिचा नवरा लहानू तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला.

वनमालाबाईंनी अन्न सोडलं. गुजरातेत तेलविहिरींवर काम करणारी त्यांची भाची यामिनी हे ऐकून धावत आली.

"मावशी, काहून उपाशी मरून राहिली तू?"

"माझ्या आळसापायी पोरगी जळली. देवीनं मले सोडून तिले शिक्षा केली."

यामिनी उठली आणि थेट ज्वालेपाशी गेली. उघड्यावर पुन्हा दर्शन सुरू होतं.

"दूर रहो बेटी, भस्म हो जाओगी!"

"हो जाऊँगी भस्म. पहले आप आसन से उठिए."

महाराज उठेनात. शेवटी वनमालाबाईंच्या शेजारच्या शंकरनंच आसनावरचं लाल कापड ओढलं. खाली, महाराजांच्या पायापाशी, नळीवरचा पितळी कॉक, म्हणजे वायूची चावी होती. यामिनीनं कॉक पिरगाळला, ज्वाला वाकली. आणखी पिरगाळला, विझली.

"शंकरभैया, इथं तलाव होता ना?"

"हव. आम्ही म्हशी धुवत होतो इथं."

"त्यातली जलपर्णी, पालापाचोळा चिखलात गाडला गेला, हवेवाचून सडला आणि त्याचा हा वायू झाला. समुद्राच्या तळाशी मेलेले बारीक जीव असेच गाडले जातात. कोट्यवधी वर्षं वरच्या थरांचा दाब आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता मिळाली की त्यांचं तेल होतं, वायू होतो. तेलाबरोबर वायूही वर येतो. न्यायची सोय नसली की आम्ही तो उंच चिमणीवर जाळून टाकतो. वाया जातो, पण साचला तर स्फोट होतो. तिथं कुणी आरती करत नाही. यांनी त्या दिवशी ज्वाला विझवली, पण कॉक पुरता बंद केला नाही. बंद खोलीत वायू भरत राहिला."

महाराज चपला शोधू लागले. शंकरनं मनगट धरलं.

"म्हंजे माझं पाप नव्हतं?" यामिनीच्या मागोमाग आलेल्या वनमालाबाईंनी विचारलं.

"मालिका पाहणं पाप नव्हे, मावशी."

त्यांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. "पण राख तर मीच लावली ना," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात कमलाचे हात पट्ट्यांत होते. "माता अब ले नाराज हे का, दीदी?"

"माता नव्हती वं तिथं. सडका वायू होता. तुझं काही चुकलं नाही. जळल्या हातावर थंड पाणी ओतायचं, एवढं मले कळत होतं. तरी महाराज म्हणाला म्हणून मी राख फासली."

कमलानं तोंड भिंतीकडं वळवलं. वनमालाबाई तिथंच बसून राहिल्या.

पुढं वस्तीत कुठलाही चमत्कार निघाला, की त्या दारात उभ्या राहून सांगत, "जमिनीतून आग निघाली तर हात जोडू नका. दूर व्हा, काडी ओढू नका, जाणत्याले बोलवा. आणि 'असं काहून?' हे आधी विचारा. मी कमला जळल्यावर विचारलं."