मामांची वायर तपासणी

क्रेनच्या केबिनमध्ये बसलं की माणूस राजा होतो. फक्त या राजाला संडास नसतो. एरवी माझं काही अडत नसे, पण गेली दोन वर्षं पाळीच्या दिवसांत इतकं अंगावर जायचं की घडीघडी शिडी उतरून धावावं लागे. काळी पॅन्ट, खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल, डोळ्यांपुढे अंधारी. गोळ्या घेऊन झाल्या, रक्त वाढायची इंजेक्शनंही झाली. शेवटी साहेब म्हणाले, "शिफ्टभर वर बसणं जमत नसेल तर स्टोअर सांभाळा." मी आणि नट-बोल्ट देत बसणार? ही खुर्ची मी भांडून मिळवली होती.

थोरली बहीण म्हणाली, "पिशवी काढून टाक. मी नाही का काढली? कटकट मिटली."

"तुझं तुला लखलाभ," मी म्हटलं, आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं.

त्यांनी सोनोग्राफी केली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. त्यात वाईट काही निघालं नाही. "पिशवी राहू दे," त्या म्हणाल्या. "आतलं अस्तर तेवढं उष्णतेनं जाळू. पोटावर चिरा नाही, टाके नाहीत."

"म्हणजे आतून वेल्डिंग!"

त्या हसल्या. "तसंच समजा. पण आणखी मूल हवं असेल तर हे करायचं नाही. नंतरही दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यायचीच. पाळी साफ थांबेल असा शब्द देत नाही. बहुतेकींची पुष्कळ कमी होते."

"आहेत त्या दोघांनीच नाकी नऊ आणलेत," मी म्हटलं. सोबत आलेल्या नवऱ्याने जोरात मान डोलावली.

सकाळी गेले, संध्याकाळी घरी आले. पोटात कळा आल्या, काही दिवस पाण्यासारखं जात राहिलं. रजेचं कारण मी कामावर कुणाला सांगितलं नाही. परतले तेव्हा साहेबांनी बजावलं, "आता मध्येच उतरलात तर स्टोअर नक्की."

पुढची पाळी आली ती नावापुरती. तरी सवयीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि शिडी चढले. काम रंगात आलं होतं. तेवढ्यात खालून इशारे देणारे मामा वॉकीटॉकीवर म्हणाले, "थांब, वायर तपासायची आहे."

मामांचं हे नेहमीचंच. हुक रिकामा झाला की त्याची पोलादी वायर बघत बसायचे. मी त्यांना चिडवायची आणि तेवढ्यात खाली जाऊन यायची. आज मात्र साहेब खाली मामांच्या शेजारीच उभे होते. काम थांबलेलं बघून त्यांना वाटणार, मी उतरणार. माझं डोकं तडकलं.

"मामा, वायर धडधाकट आहे! कशाला माझ्या मुळावर उठलात?"

मग मामांचा हळू आवाज आला, "वायर कायमच धडधाकट होती, पोरी. तू टॉवेल घेऊन चढलीस की मी तपासतो. आजही घेतलास, म्हणून म्हटलं."

साहेबांच्या हातातही वॉकीटॉकी होता. ते बुटांकडे बघू लागले.

मला रडू आलं. टॉवेलने डोळे पुसले, नाक पुसलं आणि हँडल धरलं. "मामा, उपचार करून आलेय. माल लावा."

शिफ्टचा भोंगा होईपर्यंत मी उतरले नाही. उतरल्यावर टॉवेल मामांच्या हातात दिला.

"घ्या," म्हटलं, "आता खरोखर वायर पुसा."