दोन मुठींची तलवार

म्हाताऱ्या घरमालकिणीच्या, फ्राऊ डिट्सेलच्या, दारातल्या भिंतीवर कातडं खरवडायची सुरी टांगलेली होती. हातभर लांब, वाकडी, दोन्ही टोकांना मुठी. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा प्रताप तिच्याकडे बघून नाक मुरडायचा. त्याच्या आईला, कुंदाबाईंना, मात्र ती आपल्यातलीच वाटायची. कोल्हापुरात त्यांच्या नवऱ्यानं जन्मभर चपला शिवल्या होत्या. हातात चामडं कापायची रापी धरून बसलेल्या नवऱ्याचा फोटो त्यांनी साड्यांच्या घडीत गुंडाळून जर्मनीला आणला होता. लेकानं तो तळघरात, केलरमध्ये, नेऊन ठेवला. इथं खिळा मारायचा तर मालकिणीला विचारावं लागतं, म्हणाला. मे महिना गेला, ऑगस्ट आला, त्याचं विचारणं काही झालं नाही. र्युसेल्सहाइमला ऑफिसात त्यानं 'वडिलांचा लेदरचा बिझनेस' असं सांगून ठेवलंय, हे सुनेकडून कळलं तेव्हा कुंदाबाई काय ते उमजल्या.

त्या साली, दोन हजार सातला, गावात अमेरिकेचे पाहुणे यायचे होते. फ्राऊ डिट्सेलच्या पणजोबांचा भाऊ कॉनराड पोरवयात बापाचा चामड्याचा धंदा टाकून न्यूयॉर्कला पळाला आणि मोठा बँकवाला झाला. म्हातारी त्याची कथा सांगे आणि प्रताप कीर्तनकाराच्या थाटात ती मराठीत करी. तीन लग्नं, सात मुलं, लेकींना खानदानी पण कफल्लक नवरे, नातवंडांपेक्षा घोडे जास्त. आई वारली तेव्हा तो आला नाही. चर्चला संगमरवरी देवदूत पाठवला, त्यावर आईच्या नावापेक्षा त्याचंच नाव मोठं.

"म्हणजे आईच्या बाराव्याला स्वतःचं बारसं करून घेतलं," कुंदाबाई म्हणाल्या. एवढं मात्र प्रतापनं जर्मनमध्ये केलं नाही.

त्या अमेरिकन घराण्यानं छापून घेतलेल्या पुस्तकात कॉनराडचा बाप गावच्या टेकडीवरच्या किल्ल्याचा सरदार होता. किल्ल्याचा आता शेळीला आडोसा होईल एवढाच दगड उरला होता. म्हातारीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला मूलबाळ नाही, रक्ताचं दुसरं कुणी नाही. पाहुण्यांनी घरात यावं, टेबलाशी बसून कॉफी प्यावी, एवढीच तिची आस. तिनं प्लमचा केक भाजला. दुभाषा म्हणून नेमलेल्या प्रतापनं तिला सुचवलं, ती सुरी तेवढी काढून ठेवा. म्हातारी चकित झाली. कॉनराडच्या बापाची ती, तीच तर बघायला येतायत, म्हणाली.

पाहुणा, कॉनराडचा पणतू, बायकोसह आला. अख्खी दुपार दोघांनी त्या दगडांपुढे फोटो काढण्यात घालवली आणि घड्याळ बघत दारात येऊन उभे राहिले. पाहुण्याची नजर सुरीवर गेली. त्यानं काहीतरी विचारलं. प्रतापचा चेहरा पडला, मग खुलला, आणि तो बराच वेळ इंग्रजीत बोलत राहिला.

"काय सांगितलंस रे?" कुंदाबाईंनी विचारलं.

"पूर्वजांची तलवार म्हटलं," तो पुटपुटला.

"आणि दोन मुठी?"

"त्यानंही विचारलं. दोन हातांनी धरायला, म्हटलं."

पाहुण्याला ती हवीच झाली. दिवाणखान्यात लावणार म्हणाला. यातलं म्हातारीला जर्मनमध्ये एवढंच कळलं, की त्यांना ती घरी न्यायची आहे. तिनं सुरी उतरवली, एप्रनला पुसली आणि दोन्ही हातांनी दिली. तिचे डोळे भरून आले. खापरपणजोबांच्या हत्याराला असा मान! केकला मात्र पाहुण्यांकडे वेळ नव्हता. गाडी निघून गेली.

"चला, बरं झालं," कुंदाबाई म्हणाल्या. "ज्या बापाला पुस्तकातून हाकलला, तोच त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. आता लेकाचे रोज मुजरा घालतील."

मग त्या गुडघे धरत केलरमध्ये उतरल्या आणि फोटो घेऊन वर आल्या. आधी तो म्हातारीपुढे धरला, मग रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीनं फोटोतल्या रापीवर बोट टेकवलं, कुंदाबाईंकडे बघितलं, "गेनाऊ," अगदी बरोबर, म्हणाली आणि स्वतःच्या हातानं फोटो टांगला.

प्रताप जिन्यातच थबकला. "आई, इथं दारात नको ना. शनिवारी ऑफिसची माणसं येतायत."

"येऊ देत की. मालकिणीला विचारलंय मी." कुंदाबाई खुर्ची ओढून केकपुढे बसल्या. "तुला जड गेलं तर सांग, सरदार होता. हातात आहे ती तलवार."