दार एकाच जागी अडते

उमराव मिस्त्रीने दाराला खांदा लावून जोर केला. सागवानी फळ्यांचे ते भलेमोठे सरकते दार रुळावरून खडखडत निम्म्यापर्यंत आले. तिथे खाली ‘खट्’ असा आवाज झाला, दार पुढे कलले आणि वरच्या चौकटीत दाटून उभे राहिले. उरलेल्या फटीतून आतल्या मोटारीचे अर्धेच तोंड दिसत होते. एक दिवा रस्त्याकडे पाहत होता, दुसरा दाराआड होता.

“पाहिलं?” नंदलाल सेठ म्हणाले. “मागच्या बाजारापासून कुरकुरत होतं, आज पुरं बसलं. सडक अर्जुनीचा बाजार आहे, लोक येऊन बसले, अन् मोटार अंदर.”

लोक समोरच्या चिंचेखाली बसले होते. कोणाजवळ वांग्यांचे बोचके होते, कोणाच्या टोपलीत कोंबड्या. एक म्हातारा मघापासून मजेत दाराकडे पाहत होता.

“सेठ, दारालेच तिकीट द्या,” तो म्हणाला. “मोटारीच्या पहिले तेच पोचंल सडक अर्जुनीले.”

चिंचेखाली हसू पसरले. सेठ हसले नाहीत. दाराशेजारी उभा असलेला केवळराम ड्रायव्हरही हसला नाही. तो कामठ्याचा. नांगर सोडून मोटारीवर आला होता आणि मोटारीवरच राहावे, एवढीच त्याची इच्छा होती. आज त्याच्या हाताला काम नव्हते. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाल्यापासून मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली होती. तिच्या वायूवर इंजिन चाले, आणि ती पेटवायची तर मोटार आधी उघड्यावर आणावी लागे. भट्टी मोटारीच्या अंगाबाहेर आली होती. रोज संध्याकाळी मोटार उलटी आत घेताना केवळराम मान वळवून वळवून पाही.

उमरावने खांदा काढला आणि दाराच्या कडेवरून हात फिरवला. छातीच्या उंचीवर फळीला एक खोक पडली होती. खोकेत काजळी होती.

“भट्टी लागलेली दिसते,” तो म्हणाला.

“ऐकलं?” सेठ केवळरामकडे वळले. “मी काय म्हणत होतो? मिस्त्रीनं हात लावल्याबरोबर ओळखलं.”

“लागली होती जी,” केवळराम म्हणाला. “पोळ्याच्या दिवशी. मीच तुमाले येऊन सांगतलं. त्याच्यानंतर दार मस्त चालून राहिलं होतं.”

“चालत होतं अन् मंग बसलं. धक्का आज लागते, दुखणं उद्या निघते. आजची फेरी कशीबशी कर. उद्यापासून रामलाल गाडी चालवंल. तू आपल्या कामठ्याले जा.”

केवळरामने खाली पाहिले आणि हातातले पुसायचे फडके दुसऱ्या हातात घेतले.

उमरावला आपला शब्द परत घ्यावासा वाटला. तो कोहळी जातीच्या घरातला होता. त्याच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले, त्यांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, राखले. त्याने रेल्वेच्या कारखान्यात लोखंड शिकून घेतले, तरी घरातले एक बोलणे त्याला पाठ होते: पाळ जिथे फुटते तिथे खोट नसते, खोट उंदराच्या बिळात असते. आणि आज तो स्वतःच फुटलेली जागा पाहून बोलून बसला होता.

“सेठ,” तो म्हणाला, “मी डाग पाहून बोललो, दार पाहून नाही. जरा थांबा.”

“आता कायले थांबू?”

“दाराले विचारू द्या.”

मागच्या दारातून जमुनाबाई आल्या. सेठांच्या आई. हातात चहाचे पितळी पेले होते. एक पेला त्यांनी उमरावला दिला, दुसरा केवळरामला, आणि मुलाला म्हणाल्या, “काऊन ओरडून राहिला रे सकाळी सकाळी? पोरगा चांगला आहे. त्यानं नाही तोडलं दार.”

“माय, तुले दारातलं काय समजते?”

“दारातलं नाही समजत. पोरातलं समजते.”

“अंदर जा, माय.”

जमुनाबाई आत गेल्या नाहीत. पायरीवर बसल्या.

उमरावने चहा संपवला, खिशातून खडू काढला आणि गुडघ्यावर बसला. दाराखाली दोन चाके होती, एक पुढे, एक मागे. दोन्ही चाकांच्या कडेवर त्याने एकेक रेघ ओढली. मग केवळरामला जवळ बोलावले.

“इकडे ये. पाहून ठेव, कामी पडंल. दार अडलं की पहिले काय विचारायचं? चाक अडलं का वाट अडली. खोट चाकात असली तं चाक जिथं जाईल तिथं खोट संगं जाईल. दर फेऱ्याले बोंबलंल. खोट वाटेत असली तं ती एकाच जागी बसून राहील. समजलं?”

“समजलं, दादा.”

“मंग मागं घे.”

दोघांनी दार मागे घेतले. ते निमूट गेले. पुन्हा पुढे ढकलले. चाकावरची रेघ वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. चाक गुणगुणत फिरत होते. मग पुन्हा ‘खट्’. पुढचे चाक जिथे थांबले होते, तिथे उमरावने उंबरठ्याच्या दगडावर खडूची फुली मारली.

“आता सब्बल लाव. उचल. पुढचं चाक पार होऊ दे.”

केवळरामने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून दार उचलून धरले. पुढचे चाक पार झाले. दार पुन्हा हसतखेळत निघाले, आणि थोड्या वेळाने परत तेच, ‘खट्’. या वेळी मागचे चाक अडले होते. उमराव वाकला. मागचे चाक बरोबर खडूच्या फुलीवर उभे होते.

“दोन माणसं एकाच खड्ड्यात पडली,” तो म्हणाला, “तं खोट पायात का वाटेत?”

“वाटेत,” केवळराम म्हणाला. त्याच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा थोडा जीव आला.

“धक्का लागून चाक वाकलं असतं, तं ते कुठंबी अडलं असतं. बरोबर का नाही, सेठ?”

सेठांनी फुलीकडे पाहिले. “मंग रूळ काऊन बसला?” ते म्हणाले. “भट्टीचा भार त्याच्यावरूनच जाते ना? आडवीतिडवी गाडी घातली असंल यानं.” आणि चिंचेखालच्या लोकांची समजूत घालायला ते तिकडे गेले.

प्रश्न चुकीचा नव्हता. उमरावने रुळाचे खिळे काढले. दोघांनी रूळ सब्बलीने वर घेतला. दगडात खोदलेल्या खाचेत चुना भरून त्यावर रूळ बसवलेला होता. सगळीकडे चुना टणक होता. फुलीच्या जागी मात्र चुना नव्हताच. ओली, काळपट पोकळी होती आणि तिच्यातून तांबड्या मुंग्यांची रांग निघाली होती. उमरावने बोट घातले. भुसभुशीत काहीतरी हाताला लागले. त्याने ते बाहेर काढून गोणपाटावर पसरले. काळे पडलेले केसासारखे धागे होते. त्यांत नरोटीचे बारीक टवके, पाचरीसारखे टोकदार.

गाडीच्या भाराने रूळ दबला असता तर मोटारीच्या दोन्ही चाकांच्या वाटेवर दबला असता. ही जागा बरोबर मधली होती, मोटारीच्या नाकासमोरची.

“दर फेरीले नारळ इथं फोडतो का रे?” त्याने हळू आवाजात विचारले.

“मी नाही जी. मी तं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतो.” केवळरामने खिशातून खोबऱ्याचा तुकडा काढला, अर्धा मोडून उमरावसमोर धरला आणि उरलेला तोंडात टाकला. “घ्या. तुमी बी उपाशी असाल.”

उमरावने तुकडा घेतला. हातातच धरला.

“हे कुठलं?”

“माय देते. दर बाजाराच्या दिवशी. देवाचं आहे म्हणते. मी येतो तवा इथं सडा टाकून असते, अन् मंग...”

केवळरामचे चावणे थांबले. त्याने गोणपाटावरच्या टवक्यांकडे पाहिले, मुंग्यांकडे पाहिले, मग पायरीकडे. जमुनाबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या. चिंचेखाली मुलगा कोणाशी वाद घालतो आहे तिकडे त्यांचे लक्ष होते.

“दादा,” तो कुजबुजला.

“चावत राहा,” उमराव म्हणाला.

केवळराम चावत राहिला.

उमरावने पोकळी खरवडून कोरडी केली. मोटारीच्या जुन्या कमानीचा एक पाटा कापून खाली बसवला, बाजूंनी दगडाच्या चिपा ठोकल्या, फटींत चुना भरला. रूळ परत जागेवर आला. त्याने गाल दगडाला टेकून एक डोळा मिटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. रूळ सरळ होता. तरी दार लगेच ढकलले नाही. तो विहिरीकडे गेला. तिथे फुटक्या जात्याचा खालचा दगड पडला होता. तो त्याने लोळवत आणला आणि दाराच्या खांबाशेजारी, रुळापासून चार हात दूर, नीट हलणार नाही असा बसवला.

“हे काय?” सेठ परत येऊन पाहत होते.

“दाराचा देव.”

“दाराले बी देव लागते?”

“लागते. नवं बसवलं की एक नारळ लागते. नाहीच म्हणत असाल तं नको.”

“आणते मी,” जमुनाबाई म्हणाल्या आणि उठल्यासुद्धा.

घरात नारळ शोधावा लागला नसावा. त्या लगेच आल्या. सवयीच्या पायांनी त्या सरळ मोटारीच्या नाकासमोर गेल्या, वाकल्या आणि रुळावर नेम धरून हात वर उचलला.

हात वरच राहिला.

समोर ओला चुना होता. बाजूला गोणपाटावर काळे धागे आणि टवके पसरलेले होते. जमुनाबाईंनी ते पाहिले. मग केवळरामकडे पाहिले. तो मोटारीचा दिवा पुसत होता, अगदी मन लावून, पुसलेलाच. उमराव पान्याचे तेल टिपत होता.

जमुनाबाई सरळ झाल्या. पदर खोचला. रूळ ओलांडून जात्याच्या दगडाशी गेल्या आणि नारळ फोडला. एका घावात दोन भकले झाली. पाणी दगडावरून मातीत उतरले.

“आता सांग, मिस्त्री,” सेठ म्हणाले, “रुळाखालचं कोणं खाल्लं?”

“पाणी मुरत होतं, सेठ. त्यानं चुना सुटला. गाडीचा काही संबंध नाही.”

“इथं पाणी कुठलं? छपराखाली?”

उमरावने पाना उलटा करून दुसरी बाजू पुसायला घेतली.

“माह्या हातचं,” जमुनाबाई म्हणाल्या.

सेठांनी आईकडे पाहिले.

“बाजाराच्या दिवशी पडत होतं. आता नाही पडणार.”

“सडा आंगनात टाकावं, माय. लोखंडावर कायले टाकतेस?”

“चुकलं,” जमुनाबाई म्हणाल्या.

त्यांनी खोबऱ्याचा मोठा तुकडा सोडवला आणि केवळरामच्या हातावर ठेवला. दुसरा उमरावला दिला. तिसरा मुलाला. सेठांनी हातातल्या लहान तुकड्याकडे पाहिले, केवळरामच्या हातातल्या मोठ्याकडे पाहिले, आणि तो तोंडात टाकला.

“उभा काऊन आहेस?” ते चावता चावता केवळरामला म्हणाले. “भट्टी पेटव. लोक खोळंबले.”

“उद्या, सेठ?” केवळरामने विचारले.

“उद्या काय? उद्या आमगावची फेरी आहे ना? का मालूम नाही?”

केवळरामने दार ढकलले. खांदा लावावा लागला नाही. ते गुणगुणत शेवटपर्यंत गेले आणि भिंतीला हलकेच टेकले. चिंचेखालचा म्हातारा टोपली उचलत म्हणाला, “च्या मायला, मी तं दारावरच बसून जाणार होतो.”

मोटार माणसांनी ढकलून बाहेर काढली. भट्टीत कोळसा पडला, पंखा फिरवला, धूर निघाला. केवळरामने खिशातून लिंबू काढले आणि पुढच्या चाकाखाली ठेवले. बसायला वळला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“ए पोरा.”

जमुनाबाई दाराशी उकिडव्या बसल्या होत्या. जात्याच्या दगडाभोवतीचे टवके वेचून त्यांनी पदरात घेतले होते आणि आता रुळाच्या कडेने बोट फिरवत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसे मघा उमरावने डोळ्याने पाहिले होते तसे.

“लिंबू ठेवतो तं रस्त्यावरच ठेवत जा,” त्या म्हणाल्या. “अंदर ठेवत नोको जाऊ. आंबट रस लोखंडाले खाते. होय ना, मिस्त्री?”

“होय, माय,” उमराव म्हणाला. “खाते.”