बारा डोंगे, एक चॅनल

आयक बे. मधात बोलू नोको, फक्त आयक.

बपेऱ्याच्या नदीत मासोळी धराले बारा डोंगे, म्हंजे लहान होड्या, गोल लागले होते. जाळं एकच, लंबंचौडं, बाराही जनाईनं धरलेलं. एकानं जागा सोडली का जाळं ढिलं, सारी मासोळी पार! डोमा सातव्या डोंग्यात. अन् काठावर टेकाडावर भूपेश. थो बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर कामाले, सुट्टीवर आलता. त्यानंच साऱ्याईले वॉकीटॉकी वाटल्या.

"बंदरात दोनशे जहाजं एकाच चॅनलवर बोलते," थो सांगे. "आधी नंबर, मंग जागा, मंग काम. जीवावर आलं त तीनदा 'मेडे'. तुमच्यावानी गप्पा नाइ हाकत कोणी."

त्याचा बाप इतवारी चौथ्या डोंग्यात, एकटा. म्हातारा नंबर सांगाचं भुले. भूपेश रेडिओवरच झापे, "चार नंबर, डोकं घरी ठेवून आले काय?" बाराही डोंगे खो खो हासत. डोमाही हासे.

अन् चौथ्या दिवशी सकाळी इतवारी बोलला, "भूपेश, बावा, पाहुणा आला डोंग्यात. पाय जाळ्यात फसला."

डोमाले लगेच समजलं. पाण्यावर बुडण्याचं नाव घेत नाइ न बे ढिवर लोकं. पाणी भरलं त पाहुणा आला म्हणतेत. भूपेश त्याच घरचा. त्याले का समजलं नसन?

"चार नंबर, असा मेसेज नसते. बरोबर सांगा."

"गुडघ्याले लागला रे पाहुणा."

चॅनलवर कोणीतरी फिसकन हासलं.

डोमानं बटन दाबलं. "भूपेश, जाऊ काय मी? पन्नास हातावर हाय."

"सात नंबर, चॅनल मोकळा ठेवा. जाळं सोडलं त साऱ्या गावाले जवाब तुमी द्याचा. चार नंबर, कायद्यानं सांगा."

डोमा बसून राहिला. एका हातात दोरी, एका हातात थो डबा. समोर चौथा डोंगा एका बाजूनं खाली जाऊन राहिला होता.

मंग आवाज आला. हळू, एकदम नीट.

"मेडे, मेडे, मेडे. चार नंबर डोंगा. वडाच्या डोहात. एक माणूस. बुडून राहिलो."

"शाब्बास!" भूपेश बोलला. "सात नंबर, जा आता."

डोमानं जीव तोडून वल्हं मारलं. पोचला त पाण्यावर इतवारीचा दुपट्टा होता, बस्स.

काठावर रेवताबाई आली, इतवारीची बायको. पोराले एक शब्द नाइ बोलली. सरळ डोमापाशी आली. "तुया हातात वल्हं नोतं काय रे?"

आता तू सांग. डोमाच्या जागी तू असता त काय केलं असतं बे?