मधला सूर

शुभा गेल्यावर भास्कररावांना वाटलं होतं, हळूहळू तिचा चेहरा पुसट होईल. लोक तसंच सांगतात. पण चेहरा जागच्या जागी राहिला. पदराने चष्मा पुसायची तिची सवय राहिली, जिना उतरताना उजवा गुडघा धरणं राहिलं. गेला तो आवाज. ती नोव्हेंबरात गेली आणि फेब्रुवारीत एका सकाळी चहा उतू जायला लागला, तेव्हा "अहो, शेगडी बारीक करा" हे तिचं वाक्य त्यांना आठवलं, पण छापल्यासारखं. शब्द होते, आवाज नव्हता. ते आठवत उभे राहिले आणि चहा उतू गेला.

घरात व्हिडिओ कॅसेटींचा ढीग होता. लेक मुक्ताचे वाढदिवस, ऱ्हाइनवरच्या सहली, महाराष्ट्र मंडळाचे गणपती. जावई प्रणवने त्या सगळ्या डीव्हीडीवर उतरवून दिल्या. भास्कररावांनी त्या एकट्याने बसून पाहिल्या. शुभा कुठेच नव्हती, कारण कॅमेरा कायम तिच्या हातात. आणि कॅमेरा हातात असला की ती तोंडातून शब्द काढायची नाही. कुणी काही विचारलं तर नुसता हात हलवायची. टेप फिरत असताना आपला आवाज मध्ये येऊ द्यायचा नाही, ही शिस्त तिला लागली होती ती मानहाइमच्या स्टुडिओत.

ती गोष्ट अडुसष्ट सालची. भास्करराव जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात लागून फार दिवस झाले नव्हते. शुभा मिरजेला चांगलं गाणं शिकलेली. इथे येऊन दिवसभर घरात बसून कंटाळली आणि गावातल्या हौशी गाणाऱ्यांच्या मंडळीत जायला लागली. तिथे तिला हानेलोरे भेटली. नदीपलीकडे मानहाइमला अमेरिकन फौजेचे तळ होते. संध्याकाळी त्यांच्या क्लबांत सोल गाणी चालायची. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधून उचलून नाचाच्या हॉलात आणलेली गाणी. लेरॉय नावाचा एक सैनिक त्यातली बरी गायचा, आणि त्याच्या रेकॉर्डीसाठी मागे गाणाऱ्या बायका हव्या होत्या. हानेलोरेने शुभाला नेलं. तिसरी रेनाटे म्हणून कुणी होती. त्या हिवाळ्यात शुभा बऱ्याचदा गेली. भास्करराव पाळीवर असायचे, त्यांनी स्टुडिओ कधी पाहिला नाही. मग लेरॉयची बदली झाली, मुक्ता झाली, आणि ते प्रकरण संपलं. घरात रेकॉर्डही नव्हती. मागच्या बायकांना रेकॉर्ड देण्याची पद्धत नव्हती, नाव छापण्याची तर नव्हतीच.

मार्चमध्ये प्रणव एक सीडी घेऊन आला.

"बाबा, हे ऐका. लेरॉयचं गाणं. कुणीतरी इथल्या जुन्या सोल रेकॉर्डी गोळा करून सीडी काढलीय."

"तिचं नाव आहे का त्यात?"

"ड्रमवाल्याचं आहे, ट्रम्पेटवाल्याचं आहे. ही मंडळी जेवायची त्या हॉटेलचं पण आहे. कोरसपुढे लिहिलंय, माहिती उपलब्ध नाही."

"तेव्हा तसंच असायचं," भास्करराव म्हणाले. "लाव."

गाणं लागलं. लेरॉयचा आवाज आला, आणि त्याच्या मागून तिघी आल्या. पहिल्यांदा त्यांना काही कळेना. तीन आवाज एकमेकांत मिसळलेले, दुधात साखर विरघळावी तसे. पण तिसऱ्या कडव्यात एक आवाज बाकीच्यांच्या वर उठला, स्वच्छ, बारीक, आणि क्षणभर एकटाच राहिला. भास्कररावांनी बोट वर केलं.

"ही."

गणपतीत शुभा वरच्या पट्टीत भजनं म्हणायची. मंडळातल्या बायका मध्येच सोडून द्यायच्या आणि ही एकटी पुढे जायची. तोच हा आवाज. दुसऱ्या दिवशी मुक्ता आली. जर्मनीत वाढलेली ही मुलगी मराठी समजायची पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तिने ते कडवं ऐकलं, रडली, आणि "या, पापा," एवढंच म्हणाली. म्हणजे, हो, बाबा. मग तिनेच ठरवलं की नोव्हेंबरात आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर हे गाणं लावायचं.

त्यानंतर भास्कररावांचा दिवस त्या कडव्याने सुरू व्हायला लागला. चहा घेऊन बसायचे आणि लावायचे. शेजारच्या फ्राऊ ब्रेमने एकदा जिन्यात विचारलं, हे रोज कोण गातं? ते म्हणाले, माझी बायको. तेवढं म्हणताना त्यांना बरं वाटलं. बाकी दिवसभर बोलायला कुणी नसायचं.

सप्टेंबरमध्ये प्रणवने तो आवाज वेगळा काढून मोठा करता येतो का, म्हणून कॉम्प्युटरवर खटपट केली. दोन रविवार घालवून हात टेकले.

"नाही होत बाबा. तिघींना एकाच माइकपुढे उभं केलंय. अंडं फेटल्यावर बलक वेगळा मागण्यासारखं आहे." मग चाचरत म्हणाला, "त्या हानेलोरेबाई आहेत ना अजून? त्यांना एकदा विचारून घ्यायचं का?"

"काय विचारायचं?"

"हेच. की तो आवाज आईंचाच ना."

"प्रणव, मी चाळीस वर्षं संसार केलाय तिच्याबरोबर."

"अहो बाबा, तसं नाही. एवढ्या लोकांना ऐकवणार, म्हणून आपलं."

भास्कररावांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कडवं ऐकताना त्यांना पहिल्यासारखं ऐकता येईना. सारखा कान टवकारला जायचा. हीच का? हीच ना? असं चार-पाच सकाळी झाल्यावर त्यांनी हानेलोरेला फोन केला. दर नाताळात तिचं शुभाला कार्ड यायचं, त्यामुळे नंबर घरात होता.

हानेलोरे कार्ल्सरूहेला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. दार उघडलं ते एका उंच, जाड बाईने, आवाज सिगरेटने पार घोगरा झालेला. खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून अंत्यविधीला येता आलं नाही, हे तिने दारातच सांगितलं. मग त्यांचा कोट काढून घेतला आणि टेबलावर प्लमचा केक ठेवला.

"शूबाला आवडायचा," ती म्हणाली. शुभाला ती शूबाच म्हणायची. "तुम्ही हेर ओगले, तुम्ही एकदाही स्टुडिओत आला नाहीत. रेनाटे म्हणायची, हिला नवराबिवरा काही नाही, ही थाप मारते."

"मी पाळीवर असायचो."

"शूबाही तेच सांगायची. म्हणून तर रेनाटेचा विश्वास बसायचा नाही."

भास्कररावांनी सीडी पुढे केली. हानेलोरेने ती लावली, डोळे मिटले, पायाने ताल धरला. तिसरं कडवं आलं. तो आवाज वर उठला. भास्करराव तिच्याकडे बघत होते. तिने डोळे उघडले आणि हसली.

"बघा, केवढी ओरडतेय मी. म्हणून मला माइकपासून मागे उभं करायचे."

भास्कररावांनी केकचा काटा बशीत ठेवला.

"ही तुम्ही?"

"मग कोण? वरचा सूर माझा. रेनाटे खालचा." ती थांबली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं. "तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी सांगितलं. रोज सकाळचं सांगितलं, मुक्ताचं सांगितलं. आवाज आठवत नाही, हे मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. हानेलोरे सगळं ऐकत होती. सिगरेट तिच्या बोटांत तशीच जळत राहिली.

"आता मुलीला काय सांगू?" ते म्हणाले.

"सांगा की ती हानेलोरे होती. आणि म्हणावं थँक्यू. माझ्या आवाजावर आजवर कुणी रडलेलं नाही."

दोघंही हसले, पण फार वेळ नाही.

"मग शुभा कुठे आहे?" भास्कररावांनी विचारलं.

"मध्ये. मधला सूर सगळ्यात अवघड, हेर ओगले. मी वर-खाली जाते, रेनाटे वर-खाली जाते, ती मात्र एकाच सुरावर उभी. तिला तसंच शिकवलं होतं म्हणे तुमच्याकडे, एक सूर धरून बसायला. कंट्रोल रूममधला माणूस आत यायचा आणि म्हणायचा, मधली ऐकू येतेय, परत घ्या. ती ऐकू आली की ते रेकॉर्डिंग बाद. हे सीडीवर घेतलंय ते पास झालेलं. त्यात ती ऐकू येणार नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

भास्कररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली ट्राम थांबली, माणसं उतरली, ट्राम गेली. आता उठावं, पाचची गाडी गाठावी, असं त्यांच्या मनात आलं. हानेलोरेने सिगरेट विझवली.

"हात द्या," ती म्हणाली.

तिने त्यांचं मनगट धरलं.

"तिघींनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. गाण्याला भोक पडतं. म्हणून पाळ्या. शूबा मध्ये उभी राहायची, आम्हा दोघींची मनगटं धरून. तिला श्वास घ्यायचा असला की ती दाबायची, म्हणजे आम्ही जोर लावायचा. गाणी विसरले मी, दाबणं नाही विसरले. ऐका आता. मी दाबेन तेव्हा ऐका."

गाणं पुन्हा सुरू झालं. पहिल्या कडव्याच्या शेवटी तिच्या बोटांनी मनगट दाबलं.

"ऐकलंत?"

"नाही."

तिने परत लावलं. परत दाबलं. भास्करराव मान खाली घालून ऐकत होते. चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांना कळलं. तिघींचा आवाज चालूच होता, पण बोटं दाबली गेली त्याच क्षणी तो आतून पोकळ झाला. घरातलं एक कपाट हलवल्यावर खोलीचा आवाज बदलतो, तसा. आणि लगेच पुन्हा भरला.

"ती परत आली," हानेलोरे म्हणाली.

पुढे आणखी दोनदा असंच झालं. दोन्ही वेळा त्यांना बोटं दाबायच्या आधीच कळलं. गाणं संपलं तरी मनगट तिच्या हातात होतं. तिचा हात गरम होता, आणि कुणी हात धरून बरेच महिने झाले होते.

"आवाज नाहीच मिळाला मला," ते म्हणाले.

"नाही."

"तिचा सूर कुठला? तो तरी दाखवता येईल?"

हानेलोरे घसा खाकरून म्हणाली, "हा." आणि तिने तो गुणगुणला. "म्हणा."

"मला गाता येत नाही. आरतीला मी नुसत्या टाळ्या वाजवतो."

"इथे गायचं नाहीये. नुसतं उभं राहायचंय."

त्यांनी आवाज लावला. तो खाली गेला. तिने हाताने वर आणायची खूण केली. वर गेला, जरा जास्त. पुन्हा खूण केली. असं करत करत एकदाचा तो तिच्या सुराला चिकटला. तेव्हा तिने आपला सूर सोडला आणि वरचा घेतला. वरचा आता वर जात नव्हता. जिथे पूर्वी स्वच्छ उठायचा तिथे नुसती हवा यायची. तरी ती गात राहिली, त्यांचं मनगट धरून. भास्कररावांना सूर सोडून तिच्यामागे जावंसं वाटत होतं. प्रत्येक वेळी ती मान हलवून नको म्हणायची.

त्यांचा दम संपत आला. ते थांबणार, तेवढ्यात तिने मनगट दाबलं. ते गोंधळले. तिने डोळे मोठे करून मान हलवली, थांबू नका, आता माझी पाळी. आणि ती श्वास घ्यायला थांबली. तिला पूर्वीपेक्षा वेळ लागत होता. खोलीत भास्कररावांचा एकट्याचा आवाज उरला, चिरका, थरथरता, तरी त्या एकाच जागी उभा. छातीत काही शिल्लक नव्हतं. हानेलोरेचा श्वास घरघरत आत चालला होता, आणि ती परत येईपर्यंत त्यांनी तो सूर सोडला नाही.